सिलिंडर हेड पोर्टिंग

सिलिंडर हेड पोर्टिंग ही अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडर हेडमधील वायुमार्गांचा आकार सुधारण्याची प्रक्रिया होय. हवा व इंधन आत घेणारा इनलेट पोर्ट आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट पोर्ट हे हेडमधील दोन मुख्य मार्ग असतात. हाताने घासून किंवा संगणकनियंत्रित यंत्राने कोरून त्यांतील अडथळे कमी केले जातात. दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये जास्त हवा भरावी आणि त्यायोगे इंजिनाची शक्ती वाढावी, हा त्यामागील हेतू असतो.

रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणि अधूनमधून ड्रॅग शर्यतीच्या पट्टीवर, अशा दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या मोटारीसाठी हेडची निवड करणे कठीण मानले जाते. रस्त्यावर इंजिन कमी फेऱ्यांवर चालते, तर पट्टीवर ते जवळजवळ सर्व वेळ वरच्या फेऱ्यांवर असते. त्यामुळे सर्वांत मोठ्या पोर्टचे हेड सर्वांत चांगले ठरत नाही. इंजिनाची क्षमता, कॅमशाफ्ट, गिअर गुणोत्तरे आणि प्रत्यक्ष वापर यांना जुळणारे हेड निवडणे हे या विषयाचे मुख्य सूत्र आहे.

कार्यतत्त्व

चार धावांच्या इंजिनात दट्ट्या खाली सरकताना सिलिंडरमधील दाब कमी होतो आणि बाहेरची हवा इनलेट पोर्टमधून आत येते. ही हवा प्रथम मॅनिफोल्डमधून सरळ वाहते. त्यानंतर ती झडपेच्या, म्हणजेच व्हॉल्व्हच्या, मागील पोकळीत वळते आणि शेवटी व्हॉल्व्ह व त्याची सीट यांमधील फटीतून सिलिंडरमध्ये शिरते. या प्रवासातील सर्वांत अवघड जागा म्हणजे पोर्टच्या तळाकडील आखूड वळण. तेथे वेगवान हवा भिंतीला धरून न राहता सुटते आणि भोवरे निर्माण होतात. कुशल कारागीर पोर्ट सर्वत्र सारखा मोठा करत नाही. तो हे वळण, व्हॉल्व्हमागील पोकळी आणि सीटलगतचा भाग यांवर सर्वाधिक लक्ष देतो.

व्हॉल्व्ह उघडल्यावर हवेला मिळणारी जागा सुरुवातीला व्हॉल्व्हचा परिघ गुणिले त्याची उचल एवढी असते. उचल व्हॉल्व्हच्या व्यासाच्या एक-चतुर्थांश झाली, की ही जागा व्हॉल्व्हच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाइतकी होते. त्यापुढे व्हॉल्व्ह अधिक उघडल्याचा फायदा कमी होत जातो आणि पोर्टचा आकारच प्रवाहाची मर्यादा ठरवू लागतो.

हवेला वस्तुमान असल्यामुळे वेगाने वाहणाऱ्या हवेत गतिज ऊर्जा साठते. दट्ट्या तळाला पोहोचून वर येऊ लागल्यावरही काही काळ ही हवा स्वतःच्या जोराने सिलिंडरमध्ये शिरत राहते. पोर्ट गरजेपेक्षा रुंद केला, तर हवेचा वेग आणि हा जोर दोन्ही घटतात. कमी फेऱ्यांवर अशा इंजिनात आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग उलट पोर्टकडे ढकलला जातो. इंधन हवेत नीट मिसळत नाही आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर मोटार अडखळते.

उलट पोर्ट फारच अरुंद असेल, तर वरच्या फेऱ्यांवर इंजिनाचा श्वास कोंडतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक चार्ल्स फेएट टेलर यांनी यासाठी एक निर्देशांक वापरला. तो व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या हवेच्या सरासरी वेगाची ध्वनीच्या वेगाशी तुलना करतो. हा निर्देशांक सुमारे ०.६ च्या पुढे गेला, की सिलिंडर भरण्याची कार्यक्षमता झपाट्याने घसरते. अतिरुंद आणि अतिअरुंद या दोन टोकांच्या मधली जागा शोधणे म्हणजेच हेडची निवड होय.

इतिहास

पोर्टमधील प्रवाह मोजून हेड सुधारण्याच्या पद्धतीचे आद्य प्रवर्तक म्हणून ब्रिटिश अभियंते हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) ओळखले जातात. १९३५ मध्ये सादर झालेल्या एसएस जॅग्वारच्या इंजिनाचे हेड त्यांनी आखले. पुढे ऑस्टिनच्या ए मालिकेतील इंजिनाचा हृदयाकृती ज्वलनकक्षही त्यांच्याच कामातून आला. हेच इंजिन नंतर मिनी या मोटारीत वापरले गेले. १९६७ मध्ये कीथ डकवर्थ यांनी आखलेले कॉसवर्थ डीएफव्ही हे इंजिन फॉर्म्युला वन शर्यतीत उतरले. त्यातील प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते आणि इनलेट व एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधील कोन अरुंद होता. ही रचना पुढे सामान्य मोटारींच्या हेडसाठीही आदर्श ठरली.

अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, ड्रॅग शर्यतीला नियमबद्ध रूप मिळाले. १९५५ मध्ये शेव्हरोलेने लहान आकाराचे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. त्याचे सुटे भाग स्वस्त आणि परस्परांत बदलता येण्याजोगे होते. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या तयार पोर्ट केलेल्या हेडची परंपरा प्रामुख्याने याच इंजिनाभोवती वाढली.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींत १,०८९ सीसीचे इंजिन असे. सोलापुरात जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये या कंपनीची स्थापना केली होती. पुढील काळात मारुती एस्टीममधील १.३ लिटरचे आणि होंडा सिटीमधील १.५ लिटरचे इंजिन हौशी चालकांच्या पसंतीस उतरले.

कोल्हापूर हे बिडाच्या ओतकामाचे देशातील एक मोठे केंद्र आहे. तेथील आणि सोलापूर येथील ओतशाळांमध्ये वाहनांसाठी व इतर इंजिनांसाठी सिलिंडर ब्लॉक आणि सिलिंडर हेड ओतले जातात. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांची आणि इंजिनांची प्रमाणन चाचणी करते.

पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही पाव मैलाची ड्रॅग शर्यत २०१० च्या दशकात भरू लागली. त्यामुळे रस्त्यावरची मोटार सुरक्षित व संघटित ठिकाणी पळवून पाहण्याची सोय हौशी चालकांना मिळाली.

महाराष्ट्रातील गॅरेजांत ‘पोर्टिंग’ हा शब्द बराच काळ यामाहा आरएक्स १०० सारख्या दोन धावांच्या मोटारसायकलींच्या संदर्भात वापरला गेला. ते काम वेगळे आहे. दोन धावांच्या इंजिनात पोर्ट सिलिंडरच्या भिंतीत असतात आणि त्यांची उंची बदलल्यास ते उघडण्याची वेळ बदलते. चार धावांच्या इंजिनात ही वेळ कॅमशाफ्ट ठरवतो. पोर्टिंगमुळे केवळ मार्गाचा आकार बदलतो.

निवडीचे निकष

वापराची कक्षा

हेड निवडण्यापूर्वी इंजिन कोणत्या फेऱ्यांमध्ये किती काळ चालणार आहे, हे ठरवले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा–दुसरबीड–बीबी–सुलतानपूर–मेहकर यांसारख्या रस्त्यावर गावे, वळणे, ट्रॅक्टर आणि मालमोटारी यांतून वाट काढताना इंजिन बहुतांश वेळ मिनिटाला १,५०० ते ३,५०० फेऱ्यांच्या दरम्यान असते. तेथे ओव्हरटेक करताना लगेच मिळणारा टॉर्क उपयोगी पडतो. याच जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गावर मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. या वेगालाही वरच्या गिअरमधील लहान पेट्रोल इंजिन साधारणपणे ४,००० फेऱ्यांच्या आसपासच असते.

ड्रॅग पट्टीवरील कक्षा गिअर गुणोत्तरांवरून काढता येते. समजा, चालक ६,५०० फेऱ्यांवर दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जातो आणि या गिअरची गुणोत्तरे अनुक्रमे १.९ व १.३ आहेत. गिअर बदलल्यावर फेरे ६,५०० × १.३ ÷ १.९, म्हणजे सुमारे ४,४५० वर येतील. अशा मोटारीसाठी पट्टीवरील महत्त्वाची कक्षा ४,४५० ते ६,५०० ही ठरते. ६,५०० च्या पुढे शक्ती देणाऱ्या हेडचा तिला उपयोग होत नाही, आणि ४,४५० च्या खाली टॉर्क गमावल्याची किंमत मात्र रस्त्यावर रोज मोजावी लागते.

पोर्टचे क्षेत्रफळ आणि हवेचा वेग

पोर्टमधील हवेचा सरासरी वेग काढण्यासाठी दट्ट्याचा सरासरी वेग सिलिंडरच्या क्षेत्रफळाने गुणून पोर्टच्या सर्वांत अरुंद क्षेत्रफळाने भागतात. उदाहरणार्थ, मारुती एस्टीममधील १,२९८ सीसीच्या जी१३ मालिकेतील इंजिनाचा बोअर ७४ मिमी आणि स्ट्रोक ७५.५ मिमी आहे. सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ४३ चौरस सेंमी येते. ६,००० फेऱ्यांवर दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला १५.१ मीटर असतो.

अशा इंजिनाच्या पोर्टचे सर्वांत अरुंद क्षेत्रफळ ७ चौरस सेंमी आहे असे मानल्यास हवेचा सरासरी वेग ६,००० फेऱ्यांवर सुमारे ९३ आणि २,००० फेऱ्यांवर सुमारे ३१ मीटर प्रतिसेकंद येतो. पोर्ट ९ चौरस सेंमीपर्यंत वाढवला, तर हेच वेग अनुक्रमे सुमारे ७२ आणि २४ होतात. क्षेत्रफळातील दोन चौरस सेंमीच्या वाढीने सर्व फेऱ्यांवर वेग सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. वरच्या फेऱ्यांवर ही घट परवडते. खालच्या फेऱ्यांवर, जेथे वेग आधीच कमी असतो, तेथे ती जाणवते.

विक्रेते अनेकदा पोर्टचे घनफळ सांगतात. ५.७ लिटरच्या लहान शेव्हरोले व्ही-८ इंजिनासाठी साधारणपणे १८० ते २०० सीसी घनफळाचा इनलेट पोर्ट रस्त्यावरच्या वापरास योग्य मानला जातो. अधिक क्षमतेच्या किंवा अधिक फेऱ्यांच्या इंजिनांसाठी त्याहून मोठे पोर्ट वापरतात. मात्र घनफळ हे लांबी आणि क्षेत्रफळ या दोहोंवर अवलंबून असते. म्हणून ही तुलना एकाच प्रकारच्या हेडपुरतीच ग्राह्य धरतात. वेगळ्या इंजिनांच्या पोर्टची लांबीच वेगळी असल्याने केवळ सीसीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे दिशाभूल करणारे ठरते.

प्रवाहचाचणीचे आकडे

फ्लो बेंच या यंत्रावर हेड बसवून व्हॉल्व्हच्या प्रत्येक उचलीला किती हवा जाते, हे मोजले जाते. निकाल घनफूट प्रति मिनिट या एककात देण्याची प्रथा आहे. चाचणीचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत सांगतात आणि २८ इंच हा दाब सर्वाधिक प्रचलित आहे. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १० इंच दाबाला १०० घनफूट दाखवणारे हेड २८ इंचांना सुमारे १६७ घनफूट दाखवेल. दाब न सांगता दिलेला आकडा तुलनेसाठी निरुपयोगी असतो. चाचणीत वापरलेल्या सिलिंडरचा व्यास, पोर्टच्या तोंडाशी लावलेली गोलाई आणि एक्झॉस्टला जोडलेला पाइप यांमुळेही निकाल बदलतात.

शक्तीचा ढोबळ अंदाज काढण्यासाठी २८ इंच दाबावरील प्रवाहाला ०.२५७ ने आणि सिलिंडरांच्या संख्येने गुणण्याचा संकेत आहे. दर सिलिंडरला १२० घनफूट प्रवाह असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी हे उत्तर सुमारे १२३ अश्वशक्ती येते. ही कमाल शक्यता आहे. कॅमशाफ्ट, संपीडन, मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर यांनी साथ दिली तरच ती गाठता येते.

कमाल उचलीवरील एकच मोठा आकडा जाहिरातीत ठळक असतो. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह एका आवर्तनात कमाल उचलीला एकदाच पोहोचतो, तर मधल्या प्रत्येक उचलीवरून उघडताना आणि मिटताना असा दोनदा जातो. म्हणून रस्ता व पट्टी अशा दुहेरी वापरासाठी खालच्या आणि मधल्या उचलीवरील प्रवाहाला अधिक महत्त्व दिले जाते. कॅमशाफ्ट ९ मिमी उचल देत असेल, तर १२ मिमीवरील प्रवाहाचा आकडा त्या इंजिनासाठी अर्थहीन असतो.

एक्झॉस्ट पोर्टचा प्रवाह इनलेटच्या साधारण ७५ ते ८० टक्के असावा असे मानतात. जळालेला वायू सिलिंडरमधील दाबानेच बाहेर पडत असल्यामुळे त्याला तितक्या मोठ्या मार्गाची गरज नसते.

ज्वलनकक्ष, संपीडन आणि इंधन

हेड बदलल्यावर ज्वलनकक्षाचे घनफळ आणि त्याबरोबर संपीडन गुणोत्तर बदलते. वरील १,२९८ सीसीच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९ मानल्यास दट्ट्या वर असताना उरणारी जागा सुमारे ४०.६ सीसी असते. हेडचा पृष्ठभाग अर्धा मिमी घासला आणि ज्वलनकक्ष बोअरएवढा रुंद असला, तर ही जागा सुमारे २.१ सीसीने घटते व गुणोत्तर ९.४ च्या वर जाते. संपीडन वाढल्याने शक्ती व कार्यक्षमता वाढते. परंतु पेट्रोलचा ऑक्टेन अंक अपुरा असल्यास इंजिनात खडखड, म्हणजेच नॉकिंग, होऊन दट्ट्याला इजा पोहोचते. रोजच्या मोटारीसाठी संपीडन ठरवताना शर्यतीच्या इंधनापेक्षा वाटेतील कोणत्याही पंपावर मिळणारे पेट्रोल आधार मानले जाते.

२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढतो, पण इथेनॉलमध्ये दर लिटरला पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी अधिक इंधन द्यावे लागते. कार्ब्युरेटरचे जेट किंवा इंजेक्शनचे संगणकीय नकाशे त्यानुसार बदलावे लागतात. विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. समान दाबाला ४० अंशांवरील हवेची घनता १५ अंशांवरील हवेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी असते. म्हणून एकच मोटार मे महिन्यात आणि डिसेंबरमध्ये वेगवेगळा वेळ नोंदवते.

धातू

बिडाचे हेड जड, टिकाऊ आणि तुलनेने स्वस्त असते. ॲल्युमिनियमची घनता बिडाच्या सुमारे ३८ टक्के असल्याने त्याचे हेड बरेच हलके असते. ते उष्णता लवकर वाहून नेते, त्यामुळे किंचित अधिक संपीडन चालते. तुटलेला भाग वेल्डिंगने भरणेही त्यात सोपे जाते. मात्र मऊ धातूमुळे त्यात कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवाव्या लागतात. इंजिन अतितापल्यास ते लवकर वाकते.

पोर्टिंगचे प्रकार

मूळ हेडची किरकोळ सुधारणा: ओतकामातील उंचवटे काढणे, व्हॉल्व्हमागील पोकळी नितळ करणे आणि सीट अचूक कापणे एवढ्यापुरते हे काम असते. पोर्टचे मुख्य क्षेत्रफळ बदलत नसल्याने हवेचा वेग टिकतो. खर्चाच्या मानाने सर्वाधिक लाभ बहुधा यातूनच मिळतो.

हाताने केलेले पूर्ण पोर्टिंग: कारागिराच्या अनुभवावर याचा दर्जा अवलंबून असतो. सर्व सिलिंडरांचे पोर्ट सारखे झाले आहेत की नाही, हे मोजून पाहणे आवश्यक असते.

संगणकनियंत्रित पोर्टिंग: आधी सिद्ध झालेल्या एका पोर्टचा आकार मोजून तो सर्व पोर्टवर उतरवला जातो. सारखेपणा हा त्याचा मोठा गुण आहे. मूळ नमुना सदोष असला तर तोच दोष सर्व पोर्टमध्ये उतरतो.

नवे ओतलेले हेड: लोकप्रिय परदेशी इंजिनांसाठी सुधारित पोर्टची हेड तयार मिळतात. भारतातील बहुतेक मोटारींसाठी असा पर्याय दुर्मीळ असल्याने मूळ हेडवरच काम केले जाते.

धोके आणि सामान्य गैरसमज

पोर्टच्या भिंतीमागे पाण्याची पोकळी असते. ओतकामात साचा थोडा सरकला असल्यास भिंतीची जाडी असमान असते. जास्त घासल्याने भोक पडून हेड निकामी होऊ शकते. त्यामुळे जाणकार आधी जाडी तपासतात किंवा त्याच प्रकारचे निकामी हेड कापून पाहतात.

आरशासारखा चकचकीत इनलेट पोर्ट उत्तम, हा व्यापक गैरसमज आहे. मार्गाची चकाकी प्रवाहात फारशी भर घालत नाही. आकार चुकला असेल तर ती दोष झाकते एवढेच. कार्ब्युरेटरच्या इंजिनात किंचित खरखरीत पृष्ठभाग इंधनाचा थर भिंतीवर साचू देत नाही. एक्झॉस्टमध्ये मात्र नितळ पृष्ठभागावर काजळी कमी धरते.

व्हॉल्व्ह सीट साधारणपणे ३०, ४५ आणि ६० अंशांच्या तीन कोनांत कापतात. प्रवाहासाठी सीट अरुंद करण्याचा मोह होतो. परंतु एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमार्फत हेडला देतो. ती फार अरुंद केल्यास रोजच्या मोटारीत व्हॉल्व्ह जळण्याचा धोका वाढतो. झिजलेली गाईड, कमकुवत स्प्रिंग आणि वाकलेला पृष्ठभाग तसाच ठेवून केलेले पोर्टिंग व्यर्थ जाते.

शर्यतीचे नियमही निवड ठरवतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत पेट्रोल इंजिनाची सर्व हवा २० मिमी व्यासाच्या अवरोधकातून घ्यावी लागते. तेथे पोर्ट मोठा करून कमाल हवा वाढत नाही. म्हणून मधल्या फेऱ्यांवरील टॉर्क आणि पोर्टमधील वेग यांवर भर देणे श्रेयस्कर ठरते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून फारकत घेणारे बदल करण्यावर निर्बंध आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीविना शर्यत लावणे कलम १८९ नुसार गुन्हा आहे. पोर्टिंग बाहेरून दिसत नसले, तरी कॅमशाफ्ट आणि इंधनाच्या नकाशातील बदलांमुळे उत्सर्जन वाढल्यास प्रदूषण चाचणीत वाहन नापास होऊ शकते. मोठे बदल केलेली मोटार केवळ संघटित शर्यतीपुरती ठेवणे आणि रस्त्यावरच्या मोटारीचे इंजिन मूळ विनिर्देशांत राखणे, हा यातील सुरक्षित मार्ग मानला जातो.

हे सुद्धा पहा

अंतर्ज्वलन इंजिन
कॅमशाफ्ट
ड्रॅग शर्यत
संपीडन गुणोत्तर
ओतकाम
समृद्धी महामार्ग